धरण सुरक्षित आहे

कोयनेच्या खोऱ्यात हादरा बसला की थोड्याच वेळात बातमी येते. वर्षानुवर्षं तिचा साचा एकच आहे. रिश्टर स्केलवर तीव्रता अमुक, केंद्रबिंदू हेळवाकपासून इतक्या किलोमीटरवर, खोली इतकी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: धरणाला कोणताही धोका नाही, धरण सुरक्षित आहे. पाटण तालुक्यातल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असतं. फडताळातली भांडी खुळखुळली की पाहुण्याला घाम फुटतो. घरचा माणूस हादरा तीनचा होता की चारचा, यावर शेजाऱ्याशी वाद घालतो आणि बातमी आली की आपला आकडा ताडून पाहतो. यात बेफिकिरी थोडी आणि सवय बरीच. १९६२ पासून इथली जमीन थांबलेलीच नाही. पाचच्या वरचे धक्के वीसहून जास्त, चारच्या वरचे दोनशेच्या घरात, लहानसहान तर हजारोंनी.

हे वाक्य धरणापुरतं अगदी खरं आहे, आणि ते खरं ठरावं म्हणून माणसांनी चाळीस वर्षं मेहनत केली आहे. नव्यानं सुरुवात करायला श्रद्धा लागते, हिंमत लागते, असं आपण म्हणतो. कोयनानगरला त्या म्हणण्याची जरा उलटतपासणी करावीशी वाटते. धरण खिळखिळं झालं तेव्हा त्याला कुणी ‘धीर धर’ म्हणालं नाही. मोजमापं घेतली, भेगा भरल्या, टेकू दिले. भोवतालच्या माणसांना मात्र बहुतेक वेळा नुसता धीरच दिला गेला.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस-बावीस मिनिटं. मार्गशीर्षातला शुक्ल पक्ष, चंद्र केव्हाच मावळलेला. तोवर या भागाला हादरे नवे नव्हते. १९६१-६२ मध्ये धरणात पाणी अडू लागलं आणि त्यापाठोपाठ जमीन गुरगुरायला लागली. १९६७ च्या सप्टेंबरातही एक मोठा धक्का बसून गेला होता. पण दख्खनचं पठार म्हणजे अढळ, पुराणपुरुष, त्याला काय होणार, अशीच तोवर शास्त्राचीही समजूत होती. त्या पहाटेच्या धक्क्याची तीव्रता ६.३ भरली. कोयनानगरच्या वसाहतीतली दगडी बांधकामं कोसळली आणि धडक्या घरांपेक्षा पडकी घरं जास्त झाली. जवळपास दोनशे माणसं गेली. जखमी हजारांवर, बेघर त्याहून कितीतरी जास्त. वीजघर बंद पडलं आणि दोनशे किलोमीटरवरच्या मुंबईत कारखान्यांची चाकं थांबली. कोयना नावाची नदी आपल्या दिव्यात जळते, हे पुष्कळ मुंबईकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

इथे किल्लारीची आठवण येतेच. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप तीव्रतेनं कोयनेच्याच तोडीचा, पण तिथे नऊ हजारांवर माणसं दगावली. कारणं अनेक. वस्तीची दाटी हे एक, आणि घराचं डोकं हे दुसरं. लातूर-उस्मानाबादेत जाड दगडमातीच्या भिंतींवर मातीचं जड माळवद, भिंत ढासळली की सगळा भार झोपलेल्या माणसाच्या छातीवर. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे सपाट छप्पर एक पावसाळा टिकणार नाही. म्हणून छपरं उतरती, कौलांची नाहीतर गवताची. ज्या पावसानं या माणसांना जन्मभर गांजलं, त्यानंच त्या पहाटे डोक्यावरचं ओझं हलकं ठेवलं होतं.

धक्क्यानंतर खाली पाटण-कऱ्हाडपर्यंत प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. पानशेत फुटून पुरती साडेसहा वर्षं झाली नव्हती. १२ जुलै १९६१ ला पुण्यात काय झालं हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि कोयनेच्या पाण्यापुढे पानशेत म्हणजे ओंजळ. १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे शिवसागर पसरलेला होता, ९८ टीएमसींहून जास्त पाणी साठवण्याच्या क्षमतेचा.

धरण फुटलं नाही. पण त्याला भेगा पडल्या, आणि त्या कुठे पडल्या हे पाहण्यासारखं आहे. कोयनेची भिंत सरळ एका उतारानं वर गेलेली नाही. बांधकाम चालू असतानाच उंचीचा आराखडा बदलला, त्यामुळे पायथ्यापासून सुमारे ६६ मीटरवर मागच्या बाजूचा उतार एकाएकी मोडतो आणि तिथून वर भिंत जवळजवळ उभी होते. जमीन हलली तेव्हा वरचा जड माथा मागेपुढे डुलला आणि ताण नेमका त्या मोडणीवर आला. सांडव्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या उंच खंडांवर, पाण्याच्या बाजूला आणि खालच्या बाजूलाही, आडव्या भेगा गेल्या. काही ठिकाणी पाणी झिरपू लागलं. भिंत पेलली, पण कुठे कच्ची आहे तेही तिनं दाखवून दिलं.

मग दुरुस्ती. पाणी खाली आणून भेगांत इपॉक्सी भरलं, ताणलेल्या पोलादी तारांनी भिंत तात्पुरती आवळून धरली, आणि पुढच्या काही वर्षांत मागच्या बाजूनं काँक्रीटचा जाड पाठिंबा आणि टेकू चढवले. सांडव्याचा भाग त्या वेळी बऱ्यापैकी वाचला होता, तरी त्याचंही मजबुतीकरण पुढे हाती घेतलं आणि ते २००६ पर्यंत चाललं. म्हणजे १९६७ च्या धक्क्याचं उत्तर २००६ पर्यंत लिहिलं जात होतं. आज धरणाच्या खालच्या अंगानं पाहिलं तर मूळ भिंत आणि नंतरचा पाठिंबा ओळखता येतो. त्या पहाटे धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं धक्क्याची नोंद टिपली होती. ती रेघ पुढे जगभर गेली. भूकंपात धरण कसं वागतं हे शिकणारा विद्यार्थी तोक्योत असो की कॅलिफोर्नियात, कोयनेचं गणित सोडवल्याशिवाय त्याचं पुढे जात नाही. हेळवाक कुठे आहे हे त्याला माहीत नसतं एवढंच.

याला मी श्रद्धाच म्हणेन, पण कामाला लागलेली श्रद्धा. आधी तपासलं, मग विसंबलं.

माणसांचं काय झालं? पडक्या घरापुढे उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत, तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री निघाल्या. पाठोपाठचे धक्के थांबत नव्हते. भूकंपानंतरची खरी अवघड गोष्ट भिंत उभारणं नसते. त्या भिंतीच्या आत जाऊन पाठ टेकणं अवघड असतं. पुढे पाय आखडून झोपायची, दार नुसतं लोटून ठेवायची, मूल दाराच्या बाजूला निजवायची पद्धत पडते ती तिथूनच. हिंमत नावाची गोष्ट मला तरी अशा बारक्या हालचालींतच दिसते. पाऊस तोंडावर आला की छपराखाली जावंच लागतं. मृगाला भीती वाटली म्हणून भाताचा तरवा थांबत नाही. खाचरात उतरावं लागलं म्हणून माणसं खाचरात उतरली, आणि उतरल्यावर अंगात बळ आलं. आधी बळ आलं आणि मग उतरली, असा क्रम फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

सरकारी दफ्तरात या माणसांचं नाव झालं भूकंपग्रस्त. या नावाचा दाखला मिळतो आणि शासकीय भरतीत त्याला समांतर आरक्षण आहे. ज्यांनी तो धक्का पाहिलाही नाही अशी नातवंडं हा दाखला जोडून पोलीस भरतीचा अर्ज भरतात. कुणी नाक मुरडेल. मला यात काही गैर दिसत नाही. आजोबांच्या पडलेल्या घराचा काही मोबदला नातवाच्या नोकरीनं फिटत असेल, तर फिटू द्यावा.

पण भूकंपाच्या आधीही या खोऱ्यात एक उलथापालथ झाली होती, आणि तिला रिश्टर स्केल नाही. धरण म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे बुडीत. जावळी, महाबळेश्वर, पाटण या पट्ट्यातली शंभराच्या आसपास गावं शिवसागराच्या पाण्यानं उठवली. पाण्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राची वरदायिनी म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिचा वर कुणाला आणि किंमत कुणी दिली, याचा हिशेब या गावांकडे मागावा. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. हाताशी होता तो १८९४ चा, इंग्रजांचा भूसंपादनाचा कायदा, म्हणजे जमीन घ्यायची, पैसे मोजायचे आणि विषय मिटवायचा. मुळशीच्या सत्याग्रहात सेनापती बापटांनी १९२० च्या दशकात मांडलेला प्रश्न स्वराज्यातही तसाच उभा होता, फक्त धरण टाटांचं नसून आपलं होतं. आपलं असल्यामुळे विरोधाला तोंडही उरलं नाही. देशासाठी जरा सोसा, एवढ्यावर माणसं उठली.

उठून गेली कुठे? कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी घाट उतरून रत्नागिरी, तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचं रायगड, आणि ठाण्याकडे. सोलापूरकडे गेलेल्यांची गोष्ट नीट समजून घ्यावी. हा माणूस चिखलणीचा. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची, डोंगरउतारावर नाचणी-वरी पेरायची, जूनपासून चार महिने इरल्याखाली काढायचे, हे त्याचं शेतीचं शास्त्र. त्याला नेऊन बसवलं तिथे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, तोही आला तर. जमीन काळी, भेगाळणारी, पीक रब्बीची ज्वारी. तिथे लावणी नाही, पाभर आहे. ओल कशी जोखायची, पेरणी किती खोल घ्यायची, हे शेजाऱ्याला विचारायचं, आणि शेजारी तर आपली जमीन यांना दिली म्हणून आधीच आकसलेला. पिढ्यान् पिढ्या जमवलेलं शहाणपण एका फटक्यात निकामी होणं, हे घर पडण्यापेक्षा कमी नाही. चाळिशीतल्या शेतकऱ्यानं पुन्हा बिगारीत बसायचं. ते बसले. काहींना ती जमीन मानवली, पुष्कळांना नाही. जमीन सोडून परत फिरलेलेही होते, पण परतायला गाव कुठे शिल्लक होतं?

काळी मिळाली तरी पांढरी मिळत नाही, ही यातली मेख. शेत मोजून देता येतं. गावठाण, गावकी, भावकी, देवाचं ठाणं हे सातबाऱ्यावर चढत नाही. एका गावाची माणसं तीन जिल्ह्यांत विखुरली की पालखीला खांदा कुणी द्यायचा? धरणग्रस्तांच्या वसाहतींत फिरलं की घरं बेताची असली तरी देऊळ मात्र वर्गणी काढून बांधलेलं दिसतं. मूळ ठिकाणाहून देव उठवून आणायचा, त्याचा कौल घ्यायचा, त्याला नवी जागा मानवली का पाहायचं. बाहेरच्याला ही अंधश्रद्धा वाटेल. मला तो गाव मोजण्याचा प्रकार वाटतो. यात्रेला कोण येतं, कोण येत नाही, कुणाच्या घरची ओटी आली, यावरून गाव अजून आहे की नाही ते कळतं. काही गावांचे लोक आजही वर्षातून एकदा मूळ जागी जातात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडतात, आणि म्हातारी माणसं कुणाचं घर कुठे होतं ते पोरांना दाखवतात.

तिसरी वाट मुंबईची. पाटण-जावळीची माणसं धरणाच्या आधीपासून मुंबईत ओझी उचलत होती; धरणानं आणि भूकंपानं ती वाट रुंद केली. गावाच्या नावाची एक खोली, तिच्यात पाळीपाळीनं झोपणारे वीस-पंचवीस जण, आणि मशीद बंदरात पाठीवर गोण. या कष्टाला कायद्याचं कवच मिळालं ते १९६९ च्या माथाडी कायद्यानं, म्हणजे भूकंपानंतर दीड-दोन वर्षांत. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. शिवसागराच्या काठचं दरे गाव सोडून ठाण्यात गेलेल्या एका कुटुंबातले एकनाथ शिंदे २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले, हेही सांगायला हवं. पण अशा एका नावाच्या मागे किती जण तसेच गोण्या उचलत राहिले, याची यादी कुणी छापत नाही.

जे खोऱ्यातच राहिले ते पाण्याच्या वर सरकले. डोंगराच्या कडेला नवी वस्ती, खाली जलाशय, मध्ये रस्ता नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं लाँचवर अवलंबून. १९८५ मध्ये त्याच डोंगरावर कोयना अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एकाच आयुष्यात आधी पाण्यानं, मग जनावरांसाठी, मग वाघासाठी उठायची पाळी आली. मी वाघाच्या विरोधात नाही, पण वाघासाठी जागा करून देणारं घर दर वेळी तेच का असतं, हे कुणीतरी विचारायला हवं.

ते विचारणारेही निघाले. महाराष्ट्रात धरणग्रस्तांची चळवळ उभी राहिली, दत्ता देशमुख, बाबा आढाव, नागनाथअण्णा नायकवडी अशी माणसं तिच्यात उतरली, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा घुमली, आणि १९७६ मध्ये महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कोयनेच्या लोकांना तो पंधरा वर्षं उशिरा मिळाला. त्यांच्या वाट्याला आले अर्ज, याद्या आणि पुन्हा याद्या. २०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली हे लोक कोयनानगरला ठिय्या देऊन बसले, तेव्हा उठवलेल्यांची तिसरी पिढी मांडवात होती. हातात फायली, फायलीत आजोबांच्या नावाचे जुने कागद. साठ वर्षांनी मागणी तीच, जमीन द्या. कुणाला हा हेकटपणा वाटतो. मला या सगळ्या कहाणीत नव्या सुरुवातीची सर्वांत खणखणीत हिंमत इथे दिसते. नशिबाला बोल न लावता सरकारकडे कागद मागत राहणं, आणि कागद मिळेल असा भरवसा ठेवणं, हे सोपं नाही.

धरणवाल्यांची हिंमतही कमी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. भूकंपाला ३१ वर्षं झाल्यावर, १३ मार्च १९९९ ला, त्याच जलाशयाच्या तळाला मुद्दाम भोक पाडलं गेलं. चौथ्या टप्प्याच्या वीजघराला पाणी हवं होतं आणि तलाव रिकामा करणं परवडणारं नव्हतं. म्हणून डोंगरातून बोगदा खणत तलावाच्या तळाखाली आणायचा, शेवटी खडकाची एक गुडदी राखायची, आणि सगळं मोजूनमापून ती एका स्फोटात उडवायची. राडारोडा खालच्या खड्ड्यात पडतो आणि पाणी बोगद्यात शिरतं. नॉर्वेत रुळलेलं हे तंत्र आशियात पहिल्यांदा वापरलं ते इथे. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा केलं. १९६० मेगावॉटच्या या प्रकल्पातले १००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याचे.

आणि शास्त्रज्ञांनी जमिनीलाच प्रश्न विचारायचं ठरवलं. धरणाच्या पाण्यानं भूकंप होतो का, हा वाद कोयनेनं जगभर पेटवला. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि कोयना, सहाच्या वरचे असे भूकंप या चारच ठिकाणचे, आणि त्यांत कोयनेचा सगळ्यांत मोठा. पाण्याचा भार आणि फटींत मुरणारा पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या भेगेला निमित्त मिळतं, असं डॉ. हर्ष गुप्तांसारखे भूकंपशास्त्रज्ञ मांडत आले. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र उभं राहिलं, आणि गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं. वरची सव्वा किलोमीटरभर जाडीची काळ्या पाषाणाची थप्पी ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरलं. भूकंप कधी होईल हे अजून कुणी सांगू शकत नाही, पण भूकंप जन्मतो कुठे हे पाहायला माणूस निदान दारापर्यंत पोचला.

जमीन दर वेळी खालूनच हलते असं नाही. २२ जुलै २०२१ च्या रात्री ती वरून आली. महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर उतरला. तीसच्या आसपास माणसं गेली. मिरगाव हे कोयनेच्या पाण्याशेजारचंच. वाचलेल्यांना कोयनानगरला आणलं, आधी शाळेत आणि नंतर प्रकल्पाच्या वसाहतीतल्या खोल्यांत. धरणाची कामं संपली तशी ही वसाहत ओस पडत गेली होती. धरण बांधणाऱ्यांसाठी उभारलेल्या खोल्यांत आता डोंगराखालून निघालेली माणसं चुली मांडू लागली. घरभिंती प्रकल्पाच्या, पाहणी भूवैज्ञानिकांची, पंचनामे महसूलचे, कायमच्या घरांचे प्रस्ताव मंत्रालयात. पुढचे पावसाळे तात्पुरत्या निवाऱ्यातच गेले.

शेती मात्र डोंगरातच आहे. खाचरं तिथेच, पाणी तिथेच, आणि भाताला सरकारी मंजुरीची वाट पाहता येत नाही. म्हणून जूनमध्ये माणसं तरवा टाकायला वर जातात, आणि अतिवृष्टीचा इशारा आला की तलाठी-ग्रामसेवक त्यांना पुन्हा खाली आणतात. गुरांचा प्रश्न दर वर्षी वेगळा काढावा लागतो, कारण निवाऱ्यात गोठा नसतो.